तारेचं दुसरं टोक

२०२०च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीचे दिवस, एसटी बंद, विवराच्या काठावर चिटपाखरू नव्हतं. फोटो मात्र चार दिवसांत सगळं जग फिरून आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पुढं उलगडा केला, की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. पाऊस आला, पाणी पातळ झालं, ते जीव तळाशी बसले आणि तळं पुन्हा आपल्या हिरवट रंगावर आलं. फोटो तेवढा गुलाबीच राहिला. अजूनही एखादा पाहुणा काठावर उभा राहून विचारतो, "गुलाबी कुठल्या बाजूला आहे?" उत्तर ऐकल्यावर त्याचा चेहरा होतो तो पार्सल फोडून आत भलतंच निघालेल्या गिऱ्हाइकाचा.

हातानं केलेल्या वस्तू ऑनलाइन विकण्याबद्दल लिहायचं, तर सुरुवात या फोटोपासून करायला हवी असं मला वाटतं. फोटो विकला जातो आणि वस्तू मागाहून पोचते. मधल्या अंतरात काय काय हरवतं, त्याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मी तो एका वाकळीवर मांडून पाहणार आहे.

माझी मावशी लोणारची. उन्हाळ्यात दुपारची भांडीकुंडी झाली की तिच्या ओसरीवर वाकळ पसरली जायची. वऱ्हाडीत ळचा य होतो, म्हणून ती म्हणते वाकय. खाली एक जुनं लुगडं, मध्ये धोतरं, सदरे, विटलेल्या चादरी, वर पुन्हा एक लुगडं, त्यातल्या त्यात धड असलेलं. चार बाया चार कडांना बसायच्या आणि धावदोरा घालत मध्याकडं सरकायच्या. एकीचा टाका बारीक, दुसरीचा ढगळ, तिसरीची ओळ बोलण्याच्या भरात वाकडी गेलेली. कुठली कड कुणाची, हे वाकळीत झोपणारं पोरसुद्धा ओळखायचं. पैशांचा विषय नाही. आज माझ्याकडची, परवा तुझ्याकडची. शेतात एकमेकांच्या कामाला जाण्याला आपण सावड म्हणतो; ही सुईदोऱ्याची सावड होती. हल्ली 'कम्युनिटी' हा शब्द फार ऐकू येतो. त्यातून लोकांना जे म्हणायचं असतं त्यातलं बरंचसं या जुन्या शब्दात आहे, शिवाय एक गोष्ट जास्त आहे: सावडीत येणं फेडावं लागतं.

चारेक वर्षांपूर्वी मावशीच्या सुनेनं एका वाकळीचा फोटो स्टेटसला लावला. तो कुणीतरी पुढं पाठवला, त्यांनी आणखी पुढं, आणि नाशिकहून एका बाईंची मागणी आली: दोन हव्यात, दोन पलंगांसाठी, अगदी सेम. सुनेनं आनंदानं सांगितलं, तर मावशी म्हणाली, "दोन सारख्या कशा होतीन व माय? लुगडं त एकच होतं."

या वाक्याला बाजाराकडं उत्तर असतं. जुनं लुगडं एकच असेल तर नवं कापड आणा. किलोवर मिळणारे कटपीस आणले, चौकोन एका मापाचे कापले, नमुना ठरवून घेतला. मग लक्षात आलं, की चौघींचे चार टाके एकाच वाकळीत दिसले तर गिऱ्हाईक त्याला दोष म्हणतं. म्हणून एक वाकळ एकीनंच, आपापल्या घरी शिवायची असं ठरलं. नगावर मजुरी. दोन सारख्या झाल्या, नाशिकला गेल्या, पैसे आले, सगळे खूश झाले. माझ्या मनात राहिली ती रिकामी ओसरी. चार कडांवरच्या चार बाया चार घरांत गेल्या होत्या. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. 'सेम' या एका शब्दानं ते घडवलं.

आता नफ्याकडं पाहू. आकडे मी धरून चालतोय, पण फार चुकलेले नसावेत. एका वाकळीला वीस दुपारी, दुपारी तीन तास, म्हणजे साठ तास. किंमत अडीच हजार. कापड-दोरा तीनशे. विक्रीच्या मंचाचं कमिशन पंधरा टक्के धरलं तर पावणेचारशे. कुरिअरची गंमत तर वेगळीच. वाकळ वजनाला अडीच किलो. पण कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि जो आकडा मोठा त्याचे पैसे लावतात. पंचेचाळीस, पस्तीस, वीस असं खोकं म्हणजे सहा किलो तीनशे ग्रॅम. मऊपणाचंही वजन लागतं! चारशे रुपये धरा. उरले चौदाशे पंचवीस, भागिले साठ: तासाला चोवीस रुपयेसुद्धा नाहीत. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांच्या हिशेबानं तासाला एकोणचाळीस. खड्डे खणण्याहून सुईचं काम स्वस्त. आणि एखादी वाकळ 'फोटोतल्यासारखा रंग नाही' म्हणून परत आली, तर तिच्या जाण्यायेण्याचा खर्च कुणाच्या माथी, तेही धरलेलं नाही.

यावर 'मग किंमत वाढवा' असं म्हणणारे भेटतात. हा प्रयोग विदर्भात होऊन गेलेला आहे. १९३५ साली वर्ध्यात असताना गांधीजींनी खादीवाल्यांपुढं एक अडचणीचा प्रश्न ठेवला: कातणाऱ्या बाईला पोटापुरतं का मिळत नाही? आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत असा त्यांचा आग्रह होता. खादी आधीच महाग, आणखी महागली तर घेणार कोण, हे कार्यकर्त्यांचं उत्तर होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या वादात एक गोष्ट कायमची सांगून झाली. स्वस्त हातमालाची किंमत कुणीतरी भरतच असतं, आणि ती भरणारी सहसा बाई असते.

तरीही ऑनलाइन विक्रीला नुसती नावं ठेवून भागणार नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, कारण बुलढाणा जिल्ह्याला तारेनं जगाशी जोडण्याची ही पहिली वेळ नाही. १८७०च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब-खामगाव या जेमतेम तेरा किलोमीटरच्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन झालं. आगगाडीच्या जोडीला तार होती. लिव्हरपूलच्या मागणीची खबर वऱ्हाडातल्या कापूसबाजारात पोचू लागली. खेड्यातला शेतकरी जागतिक बाजाराशी जोडला गेला, असं आजच्या भाषेत कुणीही म्हणालं असतं. त्या काळचा मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यानं मात्र आपली अपेक्षा लेखी नमूद करून ठेवली आहे. रेल्वेनं विलायती कापड आत आलं, की ते देशी कापडाला भावात मागं टाकेल आणि सूतकताई-विणकामात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. इतका प्रामाणिक उद्योगधोरणाचा मसुदा नंतर कुणी लिहिला नसेल.

त्याच रेल्वेनं आणखी एका समाजाचा धंदा बुडवला. लमाणांचे बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहायचे. लमाण हा शब्दच लवणापासून आला असं मानतात, आणि लोणारचं नातंही त्याच लवणाशी. आगगाडी आणि पक्का रस्ता आला तसा बैलांचा तांडा थांबला. लोणार, मेहकर, रिसोडच्या पट्ट्यातले आजचे तांडे हे त्या थांबलेल्या वाटचालीचे मुक्काम आहेत. त्यांच्या बायांनी फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, कवड्या, आरसे आणि दाट टाक्यांचं जे काम केलं, ते विकण्यासाठी नव्हतंच. पुढं शहरातल्या व्यापाऱ्यांनी जुने कपडे उचलले आणि कापून उशांचे अभ्रे नि पिशव्या केल्या.

याहूनही जुनी गोष्ट 'ऐन-ई-अकबरी'त आहे. या भागात काच आणि साबण करायला लागणारं सारं मिळतं, सोऱ्याच्या कामातून सरकारला चांगला महसूल येतो, अशी नोंद तिथं आहे. जुन्या नोंदींत तळ्यातल्या क्षारांची नावंही सापडतात: डल्ला, खुप्पल, पपडी, भुसकी. लोणारनं जगाला कच्चा माल पुरवला आणि महसूल वरच्याला मिळाला. म्हणून तार आली, रेल्वे आली, इंटरनेट आलं असं कुणी उत्साहानं सांगू लागलं की मला एवढंच विचारावंसं वाटतं: आमच्या टोकाला कोण बसलंय आणि तुमच्या टोकाला कोण?

पण याच वऱ्हाडानं दुसरीही एक गोष्ट केली, जिचा आम्हालाच विसर पडला आहे. कापसाच्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचे. मापात काटा मारला जायचा, अडत, हमाली, धर्मादाय अशा नावांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून कपाती व्हायच्या. १८८६ साली कारंजा इथं देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. वजन कुणी करायचं, अडत किती घ्यायची, हे लिहून ठेवलं गेलं. त्या बाजारांच्या समित्यांवर व्यापारीच बसले आणि शेतकऱ्याला जागा नव्हती, हा त्यातला मोठा दोष. तरी बाजार म्हणजे आकाशातून पडलेलं हवामान नव्हे, त्याचे नियम माणसं करतात आणि माणसांना ते बदलता येतात, हे वऱ्हाडला सव्वाशे वर्षांपूर्वी ठाऊक झालेलं होतं.

ऑनलाइन बाजाराच्या बाबतीत आपण अजून रुमालाखालीच आहोत. कुठली वाकळ आधी दिसेल आणि कुठली चाळिसाव्या पानावर जाईल, हे कोण ठरवतं? कमिशन उद्या किती होईल? हस्तकलेच्या ऑनलाइन विक्रीचं जगातलं सर्वांत गाजलेलं नाव एट्सी. २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालं तेव्हा हातानं केलेलं हाच त्याचा बाणा होता. २०१३ साली त्यांनी बाहेरच्या उत्पादकाकडून माल करून घ्यायला मुभा दिली, २०१५ साली कंपनी शेअर बाजारात गेली. साडेतीन टक्क्यांचं कमिशन २०१८ साली पाच झालं आणि २०२२च्या एप्रिलमध्ये साडेसहा. तेव्हा हजारो कारागिरांनी आठवडाभर स्वतःचीच दुकानं बंद ठेवून संप केला. दर काही खाली आले नाहीत. एकेकटी दुकानं बंद झाली, पण बाजाराच्या समितीत त्यांची एकही खुर्ची नव्हती.

आपल्याकडं सरकारी नियमांनीही यात आपली भर घातली आहे. पूर्वी ऑनलाइन मंचावर वस्तू विकायची तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागायचीच. १ ऑक्टोबर २०२३पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय विकता येतं, पण राज्याच्या आतच. म्हणजे लोणारच्या बाईची वाकळ मंचावरून गडचिरोलीला जाऊ शकते, आणि त्याहून कितीतरी जवळच्या बऱ्हाणपूरला पाठवायची तर नोंदणी हवी. इंटरनेटला सीमा नसतात म्हणतात. असतात, आणि त्या जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

सावडीचं मी फार कौतुक केलं, म्हणून तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. मावशीच्या ओसरीवर कुणी बसायचं आणि कुणी नाही, हे जातीनं ठरलेलं होतं. तांड्यावरच्या बाया सरपणाची मोळी घेऊन दारापर्यंत यायच्या, ओसरीपर्यंत नाही. सुईच्या कामात त्यांच्या पासंगाला पुरेल अशी एकही बाई त्या ओसरीवर नव्हती, आणि तरीही. शिवाय ज्या श्रमांना आपण प्रेमानं सावड म्हणतो त्यांना पैसा नव्हता, म्हणूनच घरात किंमत नव्हती. सुनेच्या खात्यात पहिले अडीच हजार आले त्या दिवशी घरातला तिचा आवाज अर्ध्या पट्टीनं वर गेला, हे मी पाहिलं आहे. ओसरीच्या आठवणी काढणारे आम्ही पुरुष बहुधा त्या वाकळीत झोपलेले असतो, शिवलेली नसते. त्यामुळं परत त्या दिवसांकडं चला असं म्हणण्याचा मला तरी अधिकार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की विक्री सावडीच्या पाठीवर बसावी, तिच्या जागेवर नव्हे. हे जमू शकतं का? दोन उदाहरणं माझी पाठ सोडत नाहीत.

एक अमेरिकेतलं. अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीतल्या कृष्णवर्णीय बाया जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, अगदी आपल्यासारख्याच. नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, १९६६ साली, त्यांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मालाला न्यूयॉर्कमध्ये गिऱ्हाईक मिळालं. आलेल्या पैशांतून त्यांनी तेवीस एकर जमीन घेतली आणि मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून ज्यांना मालकांनी हुसकून लावलं होतं, अशा कुटुंबांना त्यातले तुकडे विकत दिले. गोधडीतून घर उभं राहिलं ते असं. पुढं १९७२ साली सीअर्स या बलाढ्य दुकानसाखळीचं कॉर्डुरॉयच्या अभ्र्यांचं काम मिळालं. नियमित मजुरी आली, पण माप ठरलेलं, नमुना ठरलेला. हाताला सुचेल तसं शिवायला त्यात वाव नव्हता. याच भागातल्या गीज बेंडच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षक थक्क झाले ते नेमके त्या सुचण्यामुळं, वाकड्या ओळींमुळं. सीअर्सच्या अभ्र्यांचं संग्रहालयात कौतुक झाल्याचं ऐकिवात नाही. अर्थात पोट अभ्र्यांनी भरलं, हेही विसरायचं नाही.

दुसरं गिरगावातलं. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायांनी उसन्या ऐंशी रुपयांवर इमारतीच्या गच्चीत पापड लाटले आणि श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड सुरू झालं. लिज्जतबद्दल बोलताना लोक उलाढालीचे आकडे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते रोज सकाळचं जाणं. पीठ केंद्रावर मळलं जातं. बहिणी येतात, लाटलेले पापड देतात, मजुरी आणि नवं पीठ घेऊन घरी जातात. पापड घरी लाटला तरी बाई रोज एकदा दुसऱ्या पन्नास बायांना भेटतेच. आणि लाटणारी प्रत्येकजण मालकीण, नफ्याची वाटेकरी. हा माल तर सेमच असतो, प्रत्येक पापड ठरल्या जाडीचा! तेव्हा दोष सारखेपणाचाही नसावा. नियम कुणी केला आणि तो करणाऱ्या एकत्र बसल्या होत्या का, यावर सगळं अडतं. इथं माझाच वरचा मुद्दा थोडा ढिला होतो, ते मला मान्य आहे.

लोणारमध्ये या धड्याचा वापर कसा होईल? गावाकडं एक असं भांडवल आहे जे कुठल्याही मंचाकडं नाही. माणसं इथं स्वतःहून येतात. दैत्यसूदनाचं देऊळ, गोमुखाची धार, कमळजा देवी, २०२०च्या नोव्हेंबरपासून रामसर यादीत असलेलं सरोवर. येणाऱ्यांतल्या किती जणांना परत जाताना गावाच्या हातचं काही घ्यावंसं वाटेल, आणि घ्यायला काय आहे? अभयारण्यातला दगडही उचलता येत नाही, आणि येऊ नयेच. धारेच्या वाटेवर एखादी ओसरी भाड्यानं घ्यावी. तिथं वाकळ पसरलेली असावी आणि तिच्या कडांना तांड्यावरची बाई नि गल्लीतली बाई एकाच जाजमावर बसलेल्या असाव्यात. पाहुण्यानं टाके पडताना बघावेत, हवं तर स्वतः चार घालून बघावेत. फोन नंबर त्यानं तिथं द्यावा, म्हणजे पुढची मागणी फोनवरून आली तरी ती अनोळखी फोटोची राहणार नाही. दुकान गटाच्या नावावर, फोन पाळीपाळीनं. कारण आज ज्याच्या हातात फोन तोच अडत्या झालेला आहे, मग ती घरचीच सून का असेना. तासाचा दर चौघींनी बसून ठरवावा आणि पाटीवर लिहावा. त्या दरानं वाकळ पाच हजारांना गेली तर महिन्याला चारच जातील. जाऊ देत.

गेल्या पावसाळ्यात मावशीच्या सुनेला पुन्हा तसाच निरोप आला. पुण्याच्या एका बाईंनी कुणाकडं तरी पाहिलेली हिरव्या काठाची वाकळ हवी होती, डिट्टो तशीच. सूनबाई कटपीसच्या दुकानाकडं निघाली होती, पण मावशीनं फोन मागून घेतला. टाइप करायला तिला येत नाही, तिनं आवाजातच सांगितलं, "बाई, ते लुगडं माह्या सासूचं होतं, ते संपलं. तुमच्या घरी कोनाचं असंन त पाठवा."

बारा दिवसांनी लोणारच्या पोस्टात पार्सल आलं. आत डांबरगोळ्यांच्या वासाची दोन नऊवारी लुगडी होती, एक जांभळं, एक विटकरी, आणि मळखाऊ फ्रॉकांचं एक गाठोडं. सोबत चिठ्ठी: जांभळं आईचं आहे, ते वरच्या बाजूला यावं. त्या दिवशी ओसरीवर तिघीच जमल्या. चौथ्या कडेसाठी सूनबाई तांड्यावर निरोप द्यायला गेली.